साठ हजारांत कॅमेरा: आधी लेन्स ठरवू या

पत्राचा सारांश

या वेळचं पत्र सोलापूरहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. फोटोंचा नाद जुना, पण आजवर सगळं फोनवरच चाललं. रविवारी सकाळी हिप्परग्याच्या तलावावर पक्षी बघायला जायचं, वर्गातल्या मुलांचे फोटो काढायचे आणि दर जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत रात्री उशिरापर्यंत फिरायचं, हे ठरलेलं. भिशी आणि बचत मिळून त्यांनी ६०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. सल्ले मात्र तीन दिशांनी येतात. इंजिनीअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, 'डीएसएलआर संपले, मिररलेसच घे', आणि कॅनन आर ५० सुचवतो (डीएसएलआरमध्ये आतल्या आरशातून दृश्य डोळ्यापर्यंत येतं; मिररलेसमध्ये आरसा नसतो, दृश्य स्क्रीनवर दिसतं). ओळखीचे एक लग्नाचे फोटोग्राफर त्यांचा वापरलेला फुल फ्रेम (म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर मोठा असलेला) कॅमेरा, कॅनन ६ डी, ४०,००० ला द्यायला तयार आहेत. 'एकदाच भारी घ्या, पुन्हा बदलायला नको' असं त्यांचं म्हणणं. दुकानदार नव्या कॅनन १५०० डी बरोबर दोन लेन्स, बॅग आणि ट्रायपॉड असं सगळं एकत्र द्यायला बसला आहे. यजमानांचा विरोध नाही, पण 'फोन आहे ना' एवढं ते म्हणतात आणि ताईंचा हात थांबतो. त्या विचारतात, 'या तिघांतलं कोणतं घेऊ? की छंदासाठी एवढा खर्च करणंच चूक आहे?'

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात घेऊन दुकानात गेलात तर तुम्ही एकतर काहीच न घेता परत याल, नाहीतर घाईघाईत समोरचा म्हणेल ते उचलाल. पैसे तुमचे आहेत, साठवलेले आहेत, त्यासाठी कर्ज काढलेलं नाही. तुम्ही पहाटे उठून तलावावर जाता ते आजही जाता, कॅमेरा नसताना. ज्या गोष्टीसाठी माणूस आधीपासून वेळ देतो, तिच्यासाठी पैसे देणं ही उधळपट्टी नाही. 'यातून पुढे काही कमाई होईल का', 'स्पर्धेत नंबर येईल का' अशी कारणं शोधत बसू नका. तुम्हाला पक्षी नीट बघायचे आहेत आणि बघितलेले जपायचे आहेत, एवढं कारण पुरे आहे.

यजमानांचं 'फोन आहे ना' मात्र उडवून लावू नका. त्यात बरंच खरं आहे. आजच्या फोनची मुख्य लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिलिमीटरची, म्हणजे चांगली रुंद असते (हा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ). होम मैदानावरची गर्दी, सगळा वर्ग एका चौकटीत, पावसाळ्यानंतरचं माळरान, हे फोन छान टिपतो. रात्री तो एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन एकत्र जोडतो, त्यामुळे स्थिर देखावा उजळ आणि स्वच्छ दिसतो. तो अडतो दोन ठिकाणी: वस्तू लांब असेल तेव्हा, आणि कमी उजेडात वस्तू हलत असेल तेव्हा.

म्हणून एक काम करा. फोनमधली गेल्या वर्षाची गॅलरी उघडा आणि चांगले आलेले फोटो सोडून द्या. जे फोटो काढायचा प्रयत्न केला आणि पुसून टाकावे लागले, तेवढे आठवा. पत्रावरून माझा अंदाज असा: पाण्यात ठिपक्याएवढे दिसणारे पट्टकदंब आणि चक्रवाक, खिडकीच्या उजेडात वर्गात हसणारी, पण फोटोत पुसट झालेली मुलं, आणि अंधार पडल्यावर मिरवणुकीत नंदीध्वज पेलणाऱ्यांचे हलून गेलेले चेहरे. अंदाज बरोबर असेल तर तुमची गरज ठरली. एक लेन्स लांबचं जवळ आणणारी, आणि एक कमी उजेडात हलत्या माणसांना पकडणारी.

बघा, तुमच्या पत्रात कॅमेऱ्यांची तीन नावं आहेत, लेन्सचं एकही नाही. तुम्हालाच असं झालं आहे असं नाही, मला येणारी बहुतेक पत्रं अशीच असतात. दुकानात काचेमागे कॅमेरा पुढे आणि लेन्स मागे ठेवलेली असते, जाहिरातीत मेगापिक्सेल मोठ्या अक्षरात असतात. पण पक्षी किती मोठा दिसणार, मूल पुसट येणार की स्पष्ट, हे बहुतांशी लेन्सच ठरवते. तुम्ही सांगितलेल्या तीन कॅमेऱ्यांपैकी १५०० डी आणि आर ५० दोन्ही २४ मेगापिक्सेलचे आहेत, ६ डी २० चा. यातल्या कशावरूनही १२ बाय १८ इंचांचा प्रिंट छान निघतो. म्हणजे मेगापिक्सेलचा प्रश्न तुमच्यापुरता संपला.

आता लेन्सचं थोडं गणित, कारण तुम्ही शिक्षिका आहात आणि एकदा कळलं की तुम्हाला कोणी गुंडाळू शकणार नाही.

कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स ३५ मिलिमीटरवर साधारण एफ/४.५ पर्यंतच उघडते ('एफ/' पुढचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अॅपर्चर, मोठं). ३५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स त्याच जागी सुमारे सहापट उजेड आत घेते. म्हणजे वर्गात किट लेन्सला जिथे सेकंदाचा १/४० भाग शटर उघडं ठेवावं लागतं, तिथे ही लेन्स १/२५० मध्ये काम उरकते. १/४० मध्ये मान वळवणारं मूल पुसट होतं, १/२५० मध्ये बहुतेक वेळा होत नाही. नव्या कॅमेऱ्यांवर लाखभर खर्चूनही हा फरक इतक्या स्वस्तात मिळत नाही. लेन्समधला स्थिरक, म्हणजे निकॉनवर व्हीआर आणि कॅननवर आयएस, तुमच्या हाताचा कंप सावरतो. मुलाची हालचाल तो थांबवू शकत नाही. दुकानदार 'स्टॅबिलायझर आहे, मग कशाला मोठं अॅपर्चर' म्हणाला तर हे ध्यानात ठेवा.

लांबच्या बाजूला सेन्सरचा आकार कामाला येतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. साध्या डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर त्याहून लहान, निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६. लहान सेन्सर चित्राचा मधला भागच घेतो, त्यामुळे ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखं दृश्य देते. कॅननमध्ये ही पट दीडऐवजी १.६ आहे. हौशी पक्षीनिरीक्षकाच्या दृष्टीने 'लहान' सेन्सर फायद्याचाच ठरतो, कारण तेवढ्याच पोहोचीसाठी फुल फ्रेमवर जास्त लांब, जास्त जड आणि जास्त महाग लेन्स लागते.

या कसोटीवर आता तिन्ही सल्ले पारखून पाहू.

६ डी उत्तम कॅमेरा आहे. २०१२ चा आहे, पण रात्रीच्या उजेडात आजही सुंदर चित्र देतो, आणि तुमची आवड फक्त यात्रा आणि माणसं एवढीच असती तर मी या सल्ल्याला सहज हो म्हटलं असतं. पण ४०,००० फक्त कॅमेऱ्याचे गेले की लेन्सला २०,००० उरतात. कॅननच्या ईएफ-एस मालिकेतल्या स्वस्त आणि हलक्या लेन्स, ज्यात पक्ष्यांसाठी आवडती ५५-२५० येते, त्या ६ डी वर बसतच नाहीत. कॅमेराच ७७० ग्रॅमचा, त्यावर लेन्स. शिवाय कॅमेरा लग्नाचा आहे. एका लग्नात दोन हजार फ्रेम सहज होतात आणि या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाख फ्रेमसाठी बनवलेलं आहे. पन्नास लग्नांत तो आकडा भरतो. एक लाखानंतर शटर लगेच मोडतं असं नाही, पण तोवर झालेली झीज तुम्ही विकत घेत असता.

'एकदाच भारी घ्या' या वाक्याकडेही जरा थांबून बघू या. तसं म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्यामागे एक गृहीतक आहे: पाच वर्षांनी आपल्याला काय आवडेल ते आज कळतं. तुम्हाला कदाचित माळावरच्या चंडोलांचं वेड लागेल, कदाचित यात्रेतले चेहरेच जास्त आवडू लागतील. दोन्हींचं सामान पूर्ण वेगळं आहे. वापरलेला, मधल्या किमतीचा कॅमेरा दोन वर्षं वापरून विकला तर थोडेच पैसे बुडतात, आणि तोवर तुमची आवड तुम्हाला कळलेली असते. भारी वस्तू घेऊन ती कपाटात राहिली तर सगळेच बुडाले.

दुकानदाराचं पॅकेज डोळ्यांत भरतं. १५०० डी नवा मिळतो, वॉरंटीसह, हे त्याचं बळ. पण २०१८ च्या या मॉडेलमध्ये फोकसचे बिंदू नऊच, त्यातला मधला तेवढा भरवशाचा. स्क्रीन हलत नाही आणि स्क्रीनवर बघून फोकस करायला तो संथ आहे. पॅकमधली बॅग, ट्रायपॉड आणि यूव्ही फिल्टर या फुकट वाटणाऱ्या वस्तूंची किंमत त्याच बिलात असते. हलका ट्रायपॉड लांब लेन्सच्या वजनाने डुलतो आणि स्वस्त फिल्टरमुळे यात्रेतल्या दिव्यांची भुतं, म्हणजे खोटी प्रतिबिंबं, फोटोत उमटतात. दोन लेन्स आहेत, पण दोन्ही मंद झूम. वर्गातल्या आणि रात्रीच्या फोटोंचा प्रश्न होता तिथेच राहतो. दुसरी लेन्स ७५-३०० असेल तर सरळ नको म्हणा. तिच्यात स्थिरक नाही आणि ३०० ला चित्र मऊ पडतं.

मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे, ते मान्य करूनच पुढे जाते. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. नवं संशोधन सगळं मिररलेसमध्ये चाललं आहे. २०२३ चा आर ५० माणसांचे डोळे ओळखून फोकस धरतो, प्राणी-पक्षीही ओळखतो आणि बॅटरीसकट ३७५ ग्रॅमचा आहे. तुमचं बजेट एक लाखाचं असतं तर मी मुलाच्याच बाजूने उभी राहिले असते. अडचण अशी की नवा कॅमेरा आणि त्यासोबतची १८-४५ घेतली की तुमचे ६०,००० तिथेच संपतात. १८-४५ ही ४५ च्या टोकाला एफ/६.३ ची, म्हणजे अंधारात मंद, आणि ४५ मिलिमीटरवर हिप्परग्याचा पक्षी लहानच राहतो. सगळ्यात हुशार कॅमेरा हाती येईल, पण तुम्हाला हव्या त्या दोन्ही लेन्स वर्षभर तरी घेता येणार नाहीत. आणि डीएसएलआर 'संपले' याचा अर्थ नवे येणार नाहीत एवढाच. आहेत ते उद्याही आज काढतात तसेच फोटो काढतील. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे बाजारात चांगले, जपून वापरलेले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स कमी भावात येत आहेत, आणि ६०,००० वाल्यांसाठी ही फार चांगली वेळ आहे.

मग माझा सल्ला काय? तिघांपैकी कोणाचाच नाही. वापरलेला निकॉन डी ५६००, त्याच्याबरोबरची १८-५५, आणि त्यावर दोन लेन्स: ३५ मिलिमीटर एफ/१.८ जी डीएक्स, आणि एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर.

कॅनन सोडून निकॉन का, तर कारण पुन्हा लेन्सच. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटर म्हणजे साधारण ५२ चं दृश्य. वर्गात दोन पावलं मागे सरकलात की तीन-चार मुलं चौकटीत येतात. कॅननकडे स्वस्त एफ/१.८ लेन्स ५० मिलिमीटरची आहे आणि ती ८० सारखी वागते. एकट्या चेहऱ्याला सुरेख, खोलीत मात्र पाठ भिंतीला टेकते. डी ५६०० मध्ये फोकसचे ३९ बिंदू आहेत, स्क्रीन हवी तशी वळते, त्यामुळे पाण्यालगत खाली बसून शेकाट्या त्याच्या उंचीवरून टिपता येतो. बॅटरीसकट ४६५ ग्रॅम, त्यावर ४१५ ग्रॅमची ७०-३००. दोन्ही मिळून किलोच्या आत. सकाळभर गळ्यात राहील. पण तुम्हाला शाळेच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ जास्त काढायचे असतील तर मत बदला आणि वापरलेला कॅनन २०० डी मार्क टू बघा, कारण स्क्रीनवरून फोकस करण्यात तो डी ५६०० च्या पुष्कळ पुढे आहे. त्यावर ५५-२५० आयएस एसटीएम घ्या.

निकॉनच्या वाटेवर दोन खड्डे आहेत, ते आधीच सांगून ठेवते. पहिला: डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या आत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. म्हणून नावात 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' असेल तरच ऑटोफोकस चालेल. ५० मिलिमीटर एफ/१.८ डी ही जुनी लेन्स फार स्वस्तात मिळते, दिसायला छान असते, आणि डी ५६०० वर तिचा फोकस हातानेच करावा लागतो. दुसरा: ७०-३०० नावाच्या लेन्स अनेक आहेत. एक जुनी, मोटर नसलेली. एक एएफ-पी डीएक्स, पण व्हीआर नसलेली. आणि एक व्हीआर असलेली. शेवटच्या दोन बाहेरून जुळ्या दिसतात. लेन्सवर 'व्हीआर' ही अक्षरं डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण ३०० मिलिमीटरवर हाताचा बारीक कंपही मोठा होऊन दिसतो.

पैशांची वाटणी मी अशी करीन. कॅमेरा आणि १८-५५ मिळून ३०,००० च्या वर जायचं नाही. ७०-३०० ला १३,०००, ३५ ला ९,०००. उरलेल्या ८,००० मध्ये नामांकित कंपनीची ६४ जीबीची दोन कार्डं, एक जास्तीची बॅटरी, साधी पिशवी, आणि झाकण घट्ट बसणारा डबा व सिलिका जेल. भाव थोडा मागेपुढे झाला तर हजार-दोन हजार इकडचे तिकडे करा, पण लेन्सचे पैसे कॅमेऱ्याकडे वळवू नका. सगळं एकदम घेण्याचीही गरज नाही. कॅमेरा आणि ३५ आधी घ्या, ७०-३०० महिन्याभराने. थंडीचे पाहुणे तलावावर यायच्या आत घेतलीत म्हणजे झालं.

वापरलेली वस्तू म्हटलं की छातीत धस्स होतं, हे मला कळतं. पण कॅमेरा तपासायला फार विद्या लागत नाही. अर्धा तास आणि एक टॉर्च पुरते.

लेन्स हातात घेऊन मागच्या बाजूने टॉर्चचा उजेड आत टाका आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. तशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका; बुरशीने काचेवरचा लेप एकदा खाल्ला की साफ करूनही डाग राहतो. मुंबईच्या बोरा बाजारात वापरलेला माल भरपूर मिळतो, पण किनाऱ्यालगतच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्सला बुरशीचा धोका अधिक, म्हणून तिथे ही तपासणी दुप्पट काटेकोरपणे करा. सोलापूरची कोरडी हवा या बाबतीत तुमच्या बाजूची आहे. एखाद-दुसरा धुळीचा कण मात्र मनावर घेऊ नका, त्याने चित्र बिघडत नाही.

मग लेन्स कॅमेऱ्याला लावून अॅपर्चर एफ/१६ करा आणि मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतील; धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. लेन्सला टोपी लावून एक फोटो घ्या, त्यात रंगीत चमकते ठिपके किती ते मोजा. सगळी बटणं दाबा, चाक फिरवा, फ्लॅश उघडा, कार्डाच्या खाचेत डोकावून आतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना बघा. बॅटरी फुगलेली नसावी. ७०-३०० ला ३०० वर नेऊन समोरच्या इमारतीवरच्या पाटीचा फोटो घ्या आणि मोठा करून अक्षरं कोपऱ्यांतही वाचता येतात का पाहा. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये शटर किती वेळा उघडलं तो आकडा नोंदलेला असतो, म्हणून तिथेच काढलेला एक फोटो आपल्या कार्डात घ्या आणि आकडा बघा. डी ५६०० चं शटर एक लाखासाठी बनवलेलं आहे. तीस हजारांच्या आत असेल तर निश्चिंत घ्या, साठ हजारांच्या पुढे असेल तर भाव पाडून मागा. मूळ बिल आणि त्यावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्याच्या बुडाशी जुळला पाहिजे. ज्याच्याकडे बिल नाही आणि ज्याला घाई फार आहे, त्याच्याकडून काही घेऊ नका.

कॅमेरा हातात आल्यावर सुरुवातीला 'ऑटो' सोडा आणि 'ए' मोड लावा (त्यात अॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा). मेनूत ऑटो आयएसओ (उजेडाप्रमाणे सेन्सरची संवेदनशीलता आपोआप बदलणं) चालू करून कमाल ६४०० ठेवा. तिथेच शटरची किमान मर्यादा ठरवता येते: वर्गात आणि यात्रेत १/२५०, पक्षी बसलेला असेल तर १/५००, उडत्या पक्ष्याला १/१००० किंवा त्याहून वेगवान. एवढ्यावर तुमचे पुसटलेले फोटो निम्म्याने कमी होतील. फोटोत दाणा दिसला तर घाबरू नका. दाणेदार पण स्पष्ट चेहरा ठेवण्याजोगा असतो, गुळगुळीत पण हललेला चेहरा पुसावा लागतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) काढायला लागलात की निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट मिळतं. महिन्याला पैसे मागणारं सॉफ्टवेअर लगेच घेण्याचं कारण नाही.

३०० मिलिमीटरबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पहिल्या रविवारी हिरमोड होणार नाही. तलावाच्या मध्यावरचे पट्टकदंब तेव्हाही लहानच दिसतील. २४ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत निम्मा कापला तरी १० बाय ६ इंचांचा प्रिंट निघेल एवढं उरतं, त्याचा उपयोग करा. पण खरी पोहोच पायांनी आणि बसून राहण्याने मिळते. उजाडायच्या आत काठावर जाऊन सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा आणि हलू नका. तासाभराने पक्षी तुम्हाला काठाचाच भाग समजू लागतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तर वाट सोडून चालूच नका. माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, ती खड्यांत मिसळून जातात आणि पायाखाली येतात. घरट्याचे फोटो काढू नका. आपण वाकून बघतो तेव्हा कावळाही बघत असतो. तुमचे विद्यार्थी तुमच्याकडून हेही शिकतील.

आणि विद्यार्थ्यांवरून आठवलं. वर्गातल्या मुलांचे फोटो कुठेही टाकण्याआधी आईवडिलांना विचारा. त्यापेक्षा वर्षाअखेरीस प्रत्येक मुलाला त्याचा एक छापील फोटो द्या. कित्येक घरांत मुलाचा नीट काढलेला छापील फोटो नसतो.

तुमच्यासारखीच अडचण घेऊन बसलेल्या इतरांसाठी थोडं. बजेट २५,००० च्या आत असेल तर वापरलेला निकॉन डी ३५०० आणि फक्त ३५ मिलिमीटर. वर्षभर दुसरी लेन्स घेऊ नका. फक्त पक्ष्यांची ओळख पटवायची असेल, छापायचं नसेल, तर निकॉन पी ९५० सारखा लेन्स न बदलणारा मोठ्या झूमचा कॅमेराही चालतो. त्याचा सेन्सर फार लहान, म्हणून संध्याकाळी तो दमतो, पण भर उन्हात त्याची पोहोच कोणत्याही स्वस्त लेन्सच्या कितीतरी पुढची आहे. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी घट्ट डब्यात आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवावं आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बघावं. चामड्याच्या पिशवीत पावसाळाभर लेन्स ठेवू नये.

पुढे कधीतरी तुम्हाला ३०० खरंच अपुरं वाटू लागेल. त्या वेळी सिग्माची १५०-६०० किंवा निकॉनची २००-५०० यांचा विचार करा. या दोन्ही दोन किलोंच्या आगेमागे वजनाच्या आहेत, तेव्हा घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणून तलावापर्यंत वागवून बघा. आणि मिररलेसला जायचं ठरलं तर तेव्हा मुलाने सुचवलेले कॅमेरेही वापरलेले मिळू लागलेले असतील.

मुलाला नाराज करू नका. तो बरोबर होता, फक्त बजेट वेगळं होतं, हे त्याला सांगा आणि कॅमेरा बघायला त्याला सोबत न्या. फाइलमधून शटरचा आकडा काढायचं आणि सिरियल नंबर जुळवायचं काम त्याच्याकडे द्या, लेन्समध्ये टॉर्च मारून बघायचं तुमच्याकडे ठेवा. दोघांपैकी एकालाही शंका आली तर त्या दिवशी पैसे देऊ नका.